जॉर्ज बूल : चिप बनण्याआधी चूक पकडणारे बीजगणित

१९९४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली एका लांबलचक बेरजेत अडकले होते. मूळ संख्यांच्या जोड्या घ्यायच्या, त्यांचे व्यस्त काढायचे आणि ते मिळवत जायचे, असे ते काम होते. अनेक संगणक या कामाला लावलेले. त्यात नव्याने आणलेल्या पेंटियम प्रोसेसरच्या संगणकाचे उत्तर बाकीच्यांशी जुळेना. नाइसलींनी आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग संगणकाच्या इतर भागांवर. काही महिने खर्चून त्यांनी एकेक शक्यता बाद केली. शेवटी उरली ती एकच : चिपला भागाकार नीट येत नव्हता. उदाहरणार्थ ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ येते. पेंटियम १.३३३७४ सांगत होता.

चूक होती अगदी बारीक. आपण शाळेत भागाकार करताना पुढचा अंक अंदाजाने धरतो, तसाच तो प्रोसेसरही धरत होता आणि त्यासाठी चिपमध्ये एक तक्ता कोरलेला होता. त्या तक्त्यात १०६६ जागा भरलेल्या असायला हव्या होत्या. तक्ता चिपमध्ये उतरवताना त्यातल्या ५ जागा रिकाम्या राहिल्या. इंटेल कंपनीच्या हिशेबाने ही चूक ९ अब्ज भागाकारांत एखाद्या वेळी डोके वर काढणार होती, म्हणजे सामान्य ग्राहकाला २७ हजार वर्षांतून एकदा. ग्राहकांना हा युक्तिवाद पटला नाही. डिसेंबरमध्ये कंपनीने चिप बदलून देण्याची तयारी दाखवली आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च सोसला. सॉफ्टवेअरमधली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. सिलिकॉनमध्ये कोरलेला तक्ता ग्राहकाच्या घरी जाऊन खोडता येत नाही.

मग चिप बनवण्यापूर्वीच सगळे तपासून का पाहत नाहीत? पाहतात, पण सगळे तपासणे म्हणजे काय याचा हिशेब मांडला की घाम फुटतो. आजचा प्रोसेसर ६४ अंकी द्विमान संख्या मिळवतो. अशा दोन संख्यांच्या जितक्या जोड्या होतात त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी आहे. सेकंदाला १ अब्ज बेरजा तपासल्या तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शेकडो अब्ज पट वेळ लागेल, आणि ही फक्त बेरीज झाली. त्यातही चिप अजून कागदावर असताना तिचे काम संगणकावर नक्कल करून, म्हणजे सिम्युलेशनने पाहावे लागते आणि ही नक्कल खऱ्या चिपपेक्षा लाखो पटींनी हळू चालते. थोडक्यात, शितावरून भाताची परीक्षा करायची, पण भाताचे हे भांडे समुद्राएवढे. पाच कच्ची शिते हाताला लागणार कशी?

एकही शीत न चाखता संपूर्ण भात शिजला आहे हे सिद्ध करण्याची एक रीत मात्र आहे. तिचे मूळ घरात विजेचा दिवा येण्याच्याही आधीचे आहे. ती रचणारा माणूस विद्यापीठाची पायरी न चढलेला होता.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे बनवण्याचा व्यवसाय करत. पण त्यांचे मन जोड्यांपेक्षा भिंगांत जास्त रमे. दुर्बिणी तयार करायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यातून आकाश दाखवायचे, हा त्यांचा नाद. दुकानाकडे दुर्लक्ष होई आणि घरात पैशांची ओढाताण कायमची. मुलाला मात्र त्यातून गणिताची आणि उपकरणांची गोडी लागली. लॅटिनचे पहिले धडे एका ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक भाषा जॉर्ज स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले आणि वडिलांनी अभिमानाने ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आणले. त्यावर एका शिक्षकाने जाहीरपणे शंका घेतली, की इतक्या लहान मुलाला हे जमणेच शक्य नाही.

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि आईवडील व तीन धाकटी भावंडे यांचा भार जॉर्जवर आला. तो डॉन्कास्टर येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाला. पुस्तके विकत घ्यायला पैसे थोडेच होते. गणिताचे पुस्तक वाचून संपायला महिनोन्महिने लागतात, म्हणजे त्याच पैशांत ते जास्त दिवस पुरते, असा व्यवहारी हिशेब त्याने केला. गणिताकडे वळण्याची इतकी साधी कारणे थोर माणसांच्या चरित्रांत क्वचितच सापडतात. रविवारी प्रार्थनेच्या वेळीही हा तरुण गणितात बुडालेला असतो, ही गोष्ट त्या धार्मिक शाळेला मानवली नाही आणि नोकरी सुटली.

डॉन्कास्टरमध्येच, सतरा वर्षांचा असताना, एका शेतातून चालत जाताना त्याच्या मनात एक विचार चमकून गेला : माणूस तर्क करताना मनात जे करतो, ते बीजगणिताच्या चिन्हांत मांडता येईल. पुढे पत्नीला त्यांनी हा प्रसंग सांगितला होता. त्या विचाराला हात घालायला मात्र आणखी चौदा वर्षे गेली. मधल्या काळात एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढायची, दिवसभर मुलांना शिकवायचे, घर चालवायचे आणि रात्री लाग्रांज व लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांची अवघड पुस्तके एकट्याने फोडायची, असा क्रम होता. हाताशी गुरू नसल्यामुळे एखादे पान समजायला आठवडे लागत. पण गुरू नसल्यामुळेच केंब्रिजमध्ये कोणत्या वाटेने जाऊ नये असे शिकवतात, हेही त्यांना ठाऊक नव्हते. १८४० च्या सुमारास केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकात त्यांचे लेख येऊ लागले. तिथे जाऊन रीतसर पदवी घ्यावी असे एकदा मनात आले, पण मग आईवडिलांना पोसणार कोण? तो विचार त्यांनी सोडून दिला. १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांच्या शोधनिबंधाला सुवर्णपदक दिले.

तर्काकडे त्यांना परत आणले ते एका भांडणाने. स्कॉटलंडमधील तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन आणि लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन (यांचा जन्म आपल्याकडचा, मदुराईचा) यांच्यात तर्कशास्त्रातल्या एका शोधाच्या श्रेयावरून जाहीर वाद पेटला होता. वाद तसा क्षुल्लक होता. पण बूल यांना शेतातला तो जुना विचार आठवला आणि १८४७ मध्ये त्यांनी एक छोटेखानी पुस्तक लिहून काढले. त्याचा विस्तार म्हणजे १८५४ मधील त्यांचा ग्रंथ. विचारांचे नियम शोधणे हेच त्याच्या नावात होते आणि तीच त्यांची महत्त्वाकांक्षाही होती.

त्यातली मध्यवर्ती कल्पना अशी. जगातल्या सगळ्या वस्तूंमधून पांढऱ्या वस्तू निवडण्याच्या क्रियेला ‘क्ष’ म्हणू आणि मेंढ्या निवडण्याच्या क्रियेला ‘य’. मग दोन्ही एकापाठोपाठ केल्या, म्हणजे ‘क्ष × य’, की हाती येतात पांढऱ्या मेंढ्या. आता पांढऱ्या वस्तू निवडल्या आणि त्यातून पुन्हा पांढऱ्याच निवडल्या तर? काहीच बदलत नाही. म्हणून क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या गणितात हे समीकरण दोनच संख्यांना लागू पडते : ० आणि १. बूल यांनी ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सगळे, असा अर्थ लावला. ‘पांढरे नसलेले’ म्हणजे १ − क्ष. एवढ्या सामग्रीवर त्यांनी ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले तर्कशास्त्र समीकरणांत बसवले.

याचा विजेशी संबंध काय, हे कळायला जिन्यातला दिवा पुरेसा आहे. एक बटण खाली, एक वर. कोणतेही बटण दाबले तरी दिव्याची स्थिती पालटते. म्हणजे दोन्ही बटणांची स्थिती वेगळी असेल तर दिवा लागतो, सारखी असेल तर विझतो. एक वायरमन म्हणेल, एक बटण चालू आणि दुसरे बंद असेल तेव्हा दिवा लागू दे. दुसरा म्हणेल, निदान एक चालू असू दे, पण दोन्ही एकदम नकोत. दोघांची जोडणी वेगळी, तारांची संख्या वेगळी. काम एकच आहे का? बूल यांच्या चिन्हांत पहिली जोडणी क्ष(१ − य) + य(१ − क्ष) अशी लिहिता येते. दुसरी (क्ष + य − क्षय)(१ − क्षय) अशी. कंस सोडवा, क्ष × क्ष दिसेल तिथे नुसता क्ष लिहा. दोन्ही ठिकाणी उरते ते क्ष + य − २क्षय. एकही बटण न दाबता सिद्ध झाले, की दोन्ही जोडण्या कायम सारख्याच वागतील.

दोन बटणांसाठी हा उपद्व्याप आहे, चारदा बटणे दाबून पाहणे सोपे. पण बटणे १२८ असतील तेव्हा दाबून पाहण्याची वाट बंद होते आणि समीकरणाची वाट उघडी राहते.

बूल यांच्या हयातीत हे कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की टेलिफोन एक्स्चेंजमधील रिले आणि स्विच यांची मंडले म्हणजे बूल यांचे बीजगणितच आहे. त्यानंतरचा प्रत्येक संगणक आणि आज खिशातल्या मोबाइलमधली प्रत्येक चिप त्याच पायावर उभी आहे. एवढी गोष्ट पुष्कळांना माहीत असते. माहीत नसते ते पुढचे : चिप रचण्याबरोबरच ती तपासण्याची रीतही बूल यांच्याच ग्रंथात आहे.

त्यांनी एक नियम दिला होता. कितीही गुंतागुंतीचे तार्किक वाक्य घ्या. त्यातले एक चिन्ह निवडा. ते १ आहे असे समजा आणि वाक्याचे काय उरते ते पाहा. मग ते ० आहे असे समजा, काय उरते ते पाहा. दोन्ही तुकडे जोडले की मूळ वाक्य परत मिळते. प्रत्येक तुकडा मूळ वाक्यापेक्षा एका चिन्हाने लहान. मग त्या तुकड्यांचेही तसेच करायचे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत या नियमाला शॅनन यांचे नाव दिलेले असते. तो त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी बूल यांनी छापला होता, हा बिचाऱ्या बूल यांच्यावर थोडा अन्यायच आहे.

या नियमाने वाक्य तोडत गेले की फांद्या फुटलेल्या झाडासारखी आकृती तयार होते. १२८ चिन्हांचे झाड मात्र विश्वात मावणार नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ रँडल ब्रायंट यांनी त्यावर तोड काढली. चिन्हे नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने तोडायची आणि जिथे दोन फांद्यांखालचा भाग हुबेहूब सारखा दिसेल तिथे त्या एकत्र बांधून टाकायच्या. असे केले की झाडाचा पसारा आकसतो. आणि खरी गंमत पुढे आहे : एकच काम करणाऱ्या दोन मंडलांच्या आकृत्या, ती कितीही वेगवेगळी जोडलेली असोत, आकसून शेवटी अगदी एकसारख्या होतात. म्हणून चिपने काय करायला हवे याची एक आकृती आणि अभियंत्यांनी काय रचले आहे याची दुसरी, अशा दोन आकृत्या करून ताडून पाहायच्या. जुळल्या तर त्या ३४ वर ३७ शून्ये इतक्या जोड्यांपैकी प्रत्येकीसाठी आराखडा बरोबर आहे. नाही जुळल्या तर जिथे फरक पडला ती फांदीच सांगते, कोणत्या संख्या घातल्या असता चूक होईल.

बेरजेचे मंडल या रीतीला सहज शरण येते, मात्र दोन्ही संख्यांचे अंक आलटूनपालटून घेतले तरच. आधी एक संख्या पूर्ण आणि मग दुसरी, असा क्रम धरला तर तीच आकृती आवाक्याबाहेर फुगते. गुणाकार त्याहून हट्टी निघाला. कोणताही क्रम लावा, आकृती फुगणारच, हे ब्रायंट यांनीच सिद्ध केले. म्हणून गुणाकाराचे मंडल तुकड्यांत मोडायचे, तुकडे वेगळे तपासायचे आणि ते जोडल्यावर पूर्ण गुणाकार होतो हे निराळ्या पद्धतीने सिद्ध करायचे, असा खटाटोप करावा लागतो.

पेंटियमच्या फजितीनंतर या साऱ्याला एकदम भाव आला. एएमडी या स्पर्धक कंपनीने आपल्या नव्या प्रोसेसरच्या भागाकाराची पद्धत संगणकाच्या मदतीने गणिती सिद्धतेने तपासून घेतली. २००९ मध्ये इंटेलच्या अभियंत्यांनी जाहीर केले, की कोअर आय ७ प्रोसेसरच्या गणिते करणाऱ्या भागासाठी त्यांनी नेहमीच्या चाचण्यांच्या जागी मुख्यतः सिद्धताच वापरली. आज बेंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यातही चिपचे आराखडे तपासणारी मोठी पथके आहेत. आपल्या ओळखीतल्या एखाद्या मुलाने वा मुलीने आपण व्हेरिफिकेशनमध्ये आहोत असे सांगितले, तर दिवसभर काय चालते याचा थोडा अंदाज यावरून येईल.

या रीतीला एक मर्यादा आहे. सिद्धता फक्त एवढेच सांगते, की आराखडा मागणीबरहुकूम आहे. मागणीच अपुरी असेल तर सिद्धता निमूटपणे ती अपुरी मागणी पुरी झाल्याचे सांगते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी गाजलेले दोष उघड झाले. त्या प्रोसेसरांची गणिते चुकत नव्हती. पण एखाद्या कामाला किती वेळ लागतो हे मोजून दुसऱ्या प्रोग्रॅमची गुप्त माहिती ओढून काढता येत होती. वेळ मोजून कोणी चोरी करेल, हे मागणीच्या यादीत लिहिलेलेच नव्हते. बूल यांच्या तर्कशास्त्रातही गृहीतके बाहेरून यायची. ती खरी की खोटी, हे समीकरणांना कळत नाही.

बूल यांच्या स्वतःच्या रचनेतही एक जागा अडखळणारी होती. त्यांचे अधिकचे चिन्ह परस्परांपासून वेगळ्या असलेल्या गटांपुरतेच चाले. १८६३ मध्ये विल्यम जेव्हन्स या तरुण विद्वानाने पत्राने कळवले, की क्ष + क्ष म्हणजे क्ष असेच धरले पाहिजे. पांढरे किंवा पांढरे म्हणजे पांढरेच. बूल यांनी ते मानले नाही. आज चिपमध्ये जे ‘किंवा’चे द्वार असते ते जेव्हन्स यांच्या नियमाने चालते. याच जेव्हन्स यांनी १८७० मध्ये रॉयल सोसायटीपुढे पियानोसारख्या पट्ट्या असलेले एक यंत्र मांडले. गृहीतके दाबली की जुळणारे निष्कर्ष ते आपोआप दाखवी. ते पाहायला बूल नव्हते.

पदवी नसलेल्या या शिक्षकाला १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरात नव्याने निघालेल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमण्यात आले होते. बटाट्याच्या दुष्काळाने तो देश नुकताच होरपळून निघाला होता. तिथे त्यांची ओळख मेरी एव्हरेस्ट या तरुणीशी झाली. ती कॉलेजातील ग्रीकच्या प्राध्यापकांची भाची. तिचे काका म्हणजे भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयातल्या शिखराला आहे. त्यांच्या कारकिर्दीचा एक धागा आपल्या विदर्भात आहे. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे कर्नल विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये मोजणीच्या मोहिमेवर असताना हिंगणघाट येथे वारले आणि ती जबाबदारी एव्हरेस्ट यांच्याकडे आली.

मेरीला गणिताची ओढ होती. मुलींना विद्यापीठ बंद होते. बूल तिला शिकवू लागले, पत्रांतून गणिते जात-येत राहिली. १८५५ मध्ये वडील वारल्याने ती निराधार झाली आणि दोघांनी लग्न केले. ती त्यांच्यापेक्षा १७ वर्षांनी लहान होती. नऊ वर्षांत पाच मुली झाल्या. नवऱ्याच्या ग्रंथांची वाक्ये सामान्य वाचकाला कळतील अशी व्हावीत म्हणून मेरी शेजारी बसून चुका काढत असे.

तिच्या बालपणातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. तिचे धर्मोपदेशक वडील दीर्घ आजारी होते आणि उपचारांसाठी सगळे कुटुंब फ्रान्समध्ये जाऊन राहिले होते. उपचार करणारे डॉक्टर होते होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान. ज्याने रोग झाला त्यासारख्याच गोष्टीने तो बरा होतो, हा विचार मेरीने लहानपणीच घरात ऐकला होता. त्यात तो काळ पाण्याच्या उपचारांच्या लाटेचा होता. कॉर्कजवळ ब्लार्नी इथेच एक प्रसिद्ध जलोपचार केंद्र चालू होते आणि चांगली शिकलेली माणसे तिथे ओल्या चादरींत गुंडाळून घेत असत.

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी धो धो पाऊस पडत होता. बूल शहराबाहेर बॅलिनटेम्पल इथे राहत. तिथून कॉलेज सुमारे ५ किलोमीटर. ते नेहमीप्रमाणे चालत निघाले, नखशिखांत भिजले आणि त्याच ओल्या कपड्यांत त्यांनी वर्गात व्याख्यान दिले. घरी आल्यावर ताप चढला, छाती भरून आली. थंड पाण्याने आजार आला म्हणून थंड पाण्यानेच तो जाईल, अशा समजुतीने मेरीने त्यांना ओल्या कपड्यांत गुंडाळले, अंगावर पाणी ओतले, असे त्यांच्या घरातूनच पुढे आलेल्या आठवणींत नमूद आहे. न्यूमोनिया झाला, फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचले. ८ डिसेंबरला वयाच्या ४९ व्या वर्षी बूल यांचे निधन झाले.

ही हकिगत सांगताना मेरीला हसण्याची किंवा दोष देण्याची पद्धत पडली आहे. ती योग्य नाही. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो हे कळायला अजून पंधरा-वीस वर्षे अवकाश होता. पावसात भिजल्याने तो होत नाही, भिजलेल्या आणि दमलेल्या शरीरात जंतूंना संधी मिळते इतकेच. त्या काळचे नामांकित डॉक्टरही जळवा लावणे, रक्त काढणे, उलटीचे औषध देणे यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हते. खरे औषध आले ते सल्फा आणि पेनिसिलिनच्या रूपाने, १९३० आणि १९४० च्या दशकांत. ओल्या चादरींनी रुग्णाचे हाल नक्कीच वाढले असणार. पण मेरीचा तर्क पायरीपायरीने बरोबर होता, चुकले होते गृहीतक. आणि ते तपासून पाहण्याचे साधन त्या वेळी तिच्याजवळ नव्हते, तिच्या डॉक्टरांजवळही नव्हते.

मागे पाच मुली राहिल्या. थोरली आठ वर्षांची, धाकटी सात महिन्यांची. बचत जवळजवळ नव्हती. मेरी लंडनला आली आणि एका महिला महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम करू लागली. मुलांना गणित हाताने, खेळातून कसे शिकवावे यावर तिने पुस्तके लिहिली, ती शिक्षकांनी वाचली. १९०१ मध्ये तिने जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या निबंधात आपल्या नवऱ्याच्या विचारांवर भारतीय विचारांची छाया असल्याचा दावा केला, त्या छायेचा दुवा म्हणून काका एव्हरेस्ट यांचे नाव घेतले. बूल यांच्या लिखाणात त्याला फारसा आधार मिळत नाही.

मुलींपैकी ॲलिशियाने कोणत्याही विद्यापीठात न जाता चौथ्या मितीतील आकृत्यांवर मौलिक काम केले. धाकटी एथेल कादंबरीकार झाली. मार्गारेटचा मुलगा जेफ्री टेलर द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास करणारा मोठा भौतिकशास्त्रज्ञ निघाला.

चौथी मुलगी ल्युसी. वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. ती औषधांचे रसायनशास्त्र शिकली आणि लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत रसायनशास्त्राची व्याख्याती झाली. ब्रिटनच्या रसायनतज्ज्ञांच्या संस्थेची पहिली स्त्री फेलो तीच. त्या काळी उलटी करवण्यासाठी आणि इतर अनेक आजारांत अँटिमनीपासून केलेले टार्टर इमेटिक हे औषध सर्रास देत. मात्रा थोडी चुकली की ते विषच. बाटलीतल्या भुकटीत खरे औषध किती आहे हे अचूक कसे मोजायचे, यावर ल्युसीने १८८९ मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्याबरोबर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ती कसोटी ब्रिटिश औषधकोशाने स्वीकारली आणि पुढे अनेक दशके ते औषध रुग्णापर्यंत पोचण्याआधी तिच्याच रीतीने तपासले जात होते.